घरातील एसी वारंवार बंद-चालू का होतो?

तेरेखोल नदी समुद्राला मिळते तेथे आमचे केरी गाव आहे. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, अलीकडे सुरूचे बन आणि बाराही महिने अंगाला चिकटणारी खारी हवा. पापड डब्याबाहेर राहिला की तासाभरात मऊ पडतो आणि खिडकीच्या गजांना दरवर्षी रंग द्यावा लागतो, हे येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छपरे जाऊन सिमेंटचे स्लॅब आले, तसे उन्हाळ्यातले उकाडे सोसवेनासे झाले आणि घरोघरी वातानुकूलन यंत्र, म्हणजेच आपला एसी, येऊन बसला. हे यंत्र सारखे बंद-चालू होऊ लागले की काय समजावे, हे सांगण्याचा आमचा विचार आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते स्वानुभवाने. आमच्या थोरल्या आत्यांना दम्याचा त्रास. त्यांच्या दहा फूट बाय दहा फूट खोलीसाठी मुंबईच्या बंधूंनी दुकानदाराच्या सल्ल्याने दीड टनाचा एसी घेऊन दिला. "मोठा घ्या, लवकर गार होईल," असा तो सल्ला. खोली पाच मिनिटांत गार होई, यंत्र बंद पडे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. रात्रभर हाच प्रकार. आत्या म्हणत, "बाबा, गार वाटते, पण अंथरूण ओले लागते." पावसाळ्यापूर्वीच कपाटातील लुगड्यांना बुरशीचा वास येऊ लागला. मोठे यंत्र असून असे का, याचा उलगडा आम्हांस बऱ्याच उशिरा झाला.

एसी थंडी निर्माण करीत नाही, तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळ्यांच्या जाळीत गॅसचा द्रव उकळून वाफ होतो आणि तसे होताना हवेतील उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या पेटीतील कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. बाहेरच्या जाळीत ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि आत परतते. खोली ठरविलेल्या अंशापर्यंत आली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवितो आणि उष्णता वाढली की पुन्हा सुरू करतो. म्हणजे साध्या एसीने अधूनमधून थांबणे हा दोष नव्हे. दहा-पंधरा मिनिटे चालून थांबला तर ठीक. परंतु दर दोन-चार मिनिटांनी खटके पडू लागले, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. उलट, भर दुपारी यंत्र न थांबता चालत राहिले, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

हे खटके महाग पडतात. सुरू होताना कॉम्प्रेसरची मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि तापते. शिवाय थांबल्यावर गॅसचा दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला सुमारे तीन मिनिटे लागतात. त्याआधी सुरू करू गेल्यास मोटरवर फार ताण येतो. म्हणून बहुतेक यंत्रांत तीन मिनिटे थांबण्याची सोय असते. रिमोटने हातघाईने बंद-चालू करणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे.

आता कारणे. यंत्र थांबते त्या वेळी खोली खरोखर गार झालेली असते काय, हे प्रथम पाहावे.

खोली गार होऊन यंत्र थांबत असेल, तर ते खोलीच्या मानाने मोठे असावे, किंवा समोरच्या पडद्यावर अथवा कपाटावर आपटून गार वारा थेट यंत्राकडे परतत असावा. आमचा दोष पहिला होता. हवेतील बाष्प थंड जाळीवर थेंबांच्या रूपाने जमते आणि मग नळीवाटे बाहेर जाते. या क्रियेला वेळ लागतो. यंत्र लवकर थांबले की जाळीवरचे पाणी तेथेच राहते आणि पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत येते. म्हणून आत्यांची खोली गार, पण दमट. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी अमेरिकेत ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी असे यंत्र योजिले, तेही दमटपणाने कागद फुगून छपाई बिघडू नये म्हणूनच.

खोली गार होण्याआधीच यंत्र थांबत असेल, तर कारण निराळे. आतला फिल्टर धुळीने भरला की वारा कमी मिळतो, जाळीवर बर्फ धरतो आणि यंत्र स्वतःच्या रक्षणार्थ थांबते. बाहेरच्या पेटीच्या पत्र्यांवर मीठ आणि वाळू बसली, किंवा ती पेटी कोंदट जागी ठेवली, तर उष्णता बाहेर पडत नाही. कॉम्प्रेसर तापून सुरक्षा-खटका पडतो. संध्याकाळी विजेचा दाब उतरला तरी हेच घडते. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर हवा. खाऱ्या हवेने नळ्यांना बारीक छिद्रे पडून गॅस गळतो, तेव्हाही बर्फ धरतो. गॅस हा पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला म्हणजे गळला. तेव्हा गळती शोधून बुजविल्यावाचून दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

घरच्या घरी करण्यासारखे उपाय थोडे, पण मोलाचे आहेत. दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावा. मेन स्विच बंद करून बाहेरच्या पेटीचे पत्रे गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवून घ्यावेत. जोराच्या धारेने ते वाकतात. विजेचे आणि गॅसचे काम मात्र जाणत्या कारागिरावर सोपवावे. नवे यंत्र घेताना खोलीचे माप, वरचा स्लॅब आणि पश्चिमेचे ऊन सांगूनच टनाचा निर्णय करावा. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या वेगाचे ते माप आहे. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीस साधारणपणे एक टन पुरतो. इन्व्हर्टर जातीचे यंत्र थांबण्याऐवजी वेग कमी करते, म्हणून ते बरे. पण तेही फार मोठे घेतले तर खटके चुकत नाहीत.

आमच्या घरी यंत्र बदलणे परवडणारे नव्हते. मग आम्ही मधले दार उघडे ठेवून शेजारची खोलीही त्याच यंत्रावर घेतली, अंश २६ वर नेला, त्याचा पंखा मंद केला आणि छताचा पंखा हळू लावला. यंत्र आता सलग बराच वेळ चालते, नळीतून बादलीत पाणी ठिबकते आणि अंथरूण कोरडे राहते. आत्यांना झोप लागते, हा आमचा खरा लाभ.

वाचकांनी आज रात्री घड्याळ घेऊन आपल्या यंत्राचे खटके मोजावेत, एवढीच आमची विनंती.