मियाजिमा: जिथे बेटच देव आहे

आजच्या भागात आपण जाऊया जपानमधल्या मियाजिमाला. हिरोशिमाजवळचं हे बेट. समुद्रात उभं असलेलं ते केशरी महाद्वार, म्हणजे तोरी, तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल. आता मला सांगा, अख्खं बेट मोकळं असताना देऊळ पाण्यात का बांधलं?

कारण इथे बेटालाच देव मानायचे. देवाच्या अंगात खांब कसा ठोकणार? म्हणून इत्सुकुशिमा देवस्थान भरतीच्या पाण्यात उभं राहिलं. 1168 च्या सुमारास तायरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराने त्याला भव्य रूप दिलं.

बांधणारे हुशार बरं का! जमिनीच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्यात. भरती चढली की पाणी फटींतून वर येतं आणि त्याचा जोर ओसरतो. आजची तोरी 1875 ची, साधारण 16 मीटर उंच. तिचे खांब खोल पुरलेले नाहीत. ती स्वतःच्या वजनावर उभी आहे. वजन वाढावं म्हणून वरच्या पोकळ आडव्या तुळईत दगड भरलेत.

आपल्याकडचं सोयर-सुतक आठवा. इथे अख्ख्या बेटावर विटाळ नको, असा नियम होता. बाळंतपण जवळ आलं की बाईला होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचे. शेवटच्या घटका मोजणाऱ्यालाही. बेटावर आजही दफनभूमी नाही. देखणं देऊळ बघताना मला सारखी ती होडीतली बाई दिसत होती. देवाचं पावित्र्य राखायचं, पण त्याचा भार असा अडलेल्या माणसावर?

देवळाजवळच्या दाइगान-जी मंदिरात बेन्झाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वती! पूर्वी ती देवस्थानातच होती. 1868 नंतर सरकारने शिंतो आणि बौद्ध दैवतं वेगळी करायला लावली, तेव्हा तिला इथे हलवलं.

जायचं असेल तर मियाजिमागुचीहून फेरीने दहाच मिनिटं लागतात. 2023 पासून 100 येन प्रवेशकरही आहे. पण तिकिटाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. पाणी अडीच मीटरच्या वर असेल तर देऊळ तरंगताना दिसतं. एक मीटरच्या खाली गेलं की तोरीपर्यंत चालत जाता येतं. मी म्हणेन, अर्धा दिवस थांबा आणि दोन्ही बघा.

चला, भेटू पुढच्या भागात!