जपानचा बुद्ध, वऱ्हाडचा वाचक

२०११च्या जनगणनेत अकोला जिल्ह्यात सुमारे १८ टक्के, तर अमरावती जिल्ह्यात सुमारे १३ टक्के लोकसंख्या बौद्ध होती. धम्म आणि जातिअंत हे इथल्या घराघरांत बोलले जाणारे विषय आहेत. त्याच विषयांवर ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात जपानमध्ये ‘बुद्ध’ ही दीर्घ चित्रकथा रेखाटली. तरीही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हटलं की पालक आणि शिक्षक नाक मुरडतात. त्यामागचे गैरसमज तपासायला हवेत.

गैरसमज : मंगा म्हणजे लहान मुलांचं कार्टून.
वस्तुस्थिती : मंगा वयोगटानुसार निघतात. ‘डोरेमॉन’ मुलांच्या इयत्तावार मासिकांतून सुरू झाली. ‘शिन-चॅन’ मात्र १९९० साली प्रौढांच्या साप्ताहिकात. आपल्याकडे दोन्हींवरच्या मालिका मुलांच्या वाहिनीवर आल्या. ‘शिन-चॅन’ मालिकेवर २००८ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, पुढे ती काटछाट होऊन परतली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे असलेले केजी नाकाझावा यांनी तो अनुभव १९७३ पासून ‘हादाशी नो गेन’मध्ये मांडला. तोमोको किकुची यांनी ही मंगा हिंदीत आणली. ते मुलांना हसवण्यासाठी काढलेलं पुस्तक नव्हे.

गैरसमज : पुस्तक उलटं बांधलं आहे.
वस्तुस्थिती : मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. अकोला-अमरावतीतल्या उर्दू शाळांच्या मुलांना यात नवल वाटणार नाही. पूर्वी इंग्रजी भाषांतरांत चित्रं आरशातल्यासारखी फिरवत, त्यामुळे उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाई. आता बहुतेक प्रकाशक मूळ क्रमच ठेवतात. ‘बुद्ध’ची इंग्रजी आवृत्ती मात्र डावीकडून उजवीकडे वाचायची आहे.

गैरसमज : तेझुकांचा ‘बुद्ध’ म्हणजे बुद्धचरित्र.
वस्तुस्थिती : ती कादंबरीसारखी रचलेली कथा आहे. सिद्धार्थाच्या जन्माआधीच ती जातीच्या प्रश्नापासून सुरू होते. बहिष्कृत समाजातला तत्ता आणि शूद्र म्हणून जन्मलेला चाप्रा ही तेझुकांनी निर्माण केलेली पात्रं. चाप्रा जन्म लपवून सेनापतीचा मुलगा म्हणून वाढतो. पण आईला नाकारायची वेळ येते तेव्हा तिच्यासोबत मरण पत्करतो. कथेत चमत्कार आहेत, थट्टाही आहे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चमत्कारांना थारा नाही. गृहत्यागाचं कारण तिथं रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला वाद हे आहे. हा ग्रंथ वाचलेला वऱ्हाडी वाचक तेझुकांना प्रश्न विचारेल. त्याने ते विचारावेत. असं वाचन कथेलाही न्याय देतं.

गैरसमज : जपानी गोष्ट आपल्या मातीत रुजणार नाही.
वस्तुस्थिती : बेसबॉलवरची ‘क्योजिन नो होशी’ ही १९६६ची मंगा २०१२ मध्ये ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या भारतीय ॲनिमेशन मालिकेत क्रिकेटची झाली, नायक मुंबईतला गरीब मुलगा झाला. ‘बुद्ध’ला तर मुक्काम बदलायचीही गरज नाही. कपिलवस्तू, मगध आणि कोसल ही नावं इथल्या वाचकाच्या ओळखीची आहेत. त्याला हवं आहे ते चांगलं मराठी भाषांतर. गावोगावच्या वाचनालयांनी ते मागावं आणि मराठी प्रकाशकांनी हे काम हाती घ्यावं.