मिठाचे बारा कण

माणसाच्या मेंदूत चेतापेशी किती, या प्रश्नाला कित्येक वर्षं ‘दहा हजार कोटी’ असं गोल उत्तर मिळायचं. मोजल्या कुणी, हे कुणी विचारत नसे. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मृत पुरुषांच्या मेंदूंचा अक्षरशः रस्सा केला. पेशी विरघळवल्या, केंद्रकं तेवढी शाबूत ठेवली, रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. आकडा आला ८,६०० कोटी. त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात. त्या बाळ जन्मल्यावरही तयार होत राहतात. विचार, भाषा, आठवणी ज्याच्या जोरावर चालतात, त्या वरच्या घडीदार थराच्या वाट्याला फक्त १,६०० कोटी.

हे ‘फक्त’ मात्र पोटातच उरकायचं असतं. दुसऱ्या महिन्यात काम सुरू होतं आणि सातवा लागेपर्यंत बहुतेक आटोपतं. ढोबळमानाने वीस आठवडे धरा. मिनिटं होतात २,०१,६००. म्हणजे मिनिटाला सुमारे ७९ हजार पेशी, रात्रंदिवस, आई झोपलेली असो वा गर्दीच्या लोकलमध्ये उभी. घडलेल्या पेशींपैकी बऱ्याच पुढे मरून जातात, तेव्हा खरा वेग याहून जास्तच. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात. हिरवी साडी नेसून ती झोपाळ्यावर बसते, तोवर या थरातली पेशींची भरती जवळपास संपलेली असते. जोडण्यांचं काम अर्थात पुढे वर्षानुवर्षं चालतं.

एवढ्या बांधकामाला माल किती लागतो? इथे आकडे उलट्या दिशेने पळू लागतात. लोहच पाहा: अख्ख्या गरोदरपणात सुमारे एक ग्रॅम, त्यातलं गर्भ आणि वार यांच्यासाठी जेमतेम ३०० मिलिग्रॅम. आयोडीन रोज २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे नऊ महिन्यांचं मिळून ६७ मिलिग्रॅम. आणि जीवनसत्त्व ब-१२ रोज २.६ मायक्रोग्रॅम. नऊ महिन्यांची बेरीज ०.७ मिलिग्रॅम, बारीक मिठाच्या बारा कणांएवढी! ‘दोन जिवांची आहेस’ म्हणत भाताची दुसरी मूद वाढणाऱ्यांच्या हे सहजी गळी उतरणार नाही.

बरं, हा नुसता माल नाही. लोहाशिवाय डोपामिन आणि सेरोटोनिन घडवणारी विकरं चालत नाहीत. ही रसायनं पेशींमधले निरोपे म्हणून आपल्याला ठाऊक आहेत, पण गर्भात निरोप धाडण्याजोगं जाळंच अजून नसतं. तिथे ती पेशींनी कुठे जावं, कुठे शाखा फोडाव्यात, हे ठरवायला हातभार लावतात. उंदरांवरच्या २०११ च्या संशोधनात दिसलं की गर्भाच्या मेंदूचा पुढचा भाग सुरुवातीला सेरोटोनिन वारेकडून घेतो, आणि वार ते आईकडून आलेल्या ट्रिप्टोफॅनपासून बनवते. ट्रिप्टोफॅन शरीराला तयार करता येत नाही; ते डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी अशा अन्नातूनच यावं लागतं. गाबाची तऱ्हा तर आणखी न्यारी. मोठेपणी पेशींना शांत करणारं हे रसायन गर्भात त्यांना चेतवतं, कारण तेव्हा पेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं.

प्रमाणाहून निष्ठुर आहे ती तारीख. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा दोनच आठवडे झालेले असतात. कित्येक घरांत बातमीही फुटलेली नसते. ती नळी नीट मिटायला फोलेट लागतं, आणि फोलेटची कथा मुंबईची आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणीकामगार गरोदर बायकांचा पंडुरोग तिने मार्माइटने, म्हणजे बिअरच्या उरलेल्या यीस्टच्या काळ्या अर्काने, बरा करून दाखवला. त्यातलं नेमकं काय गुण देतं, हे तिला सापडलं नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक वापरून थोडंसं फोलिक आम्ल वेगळं काढलं गेलं. आणि १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीने सिद्ध केलं की आधीच्या बाळात नळीचा दोष असलेल्या आयांनी गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतलं, तर दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं.

ब-१२ चा हिशेब पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या आयांच्या नोंदी ठेवल्या. दोन तृतीयांश जणींत ब-१२ कमी. फोलेट कमी असलेली बाई एकच. पोरं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगितलं, तेव्हा ब-१२ कमी असलेल्या आयांची मुलं मागे पडली. सरकारी लोहगोळीत लोह असतं, फोलिक आम्ल असतं, ब-१२ नसतं. मग याच गटाने २०१२ पासून किशोरवयीन मुलामुलींना, लग्नाच्या कितीतरी आधी, रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पाहिलं. ते घेतलेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाली, तेव्हा आकलन आणि भाषा या दोन्हींत ती सरस निघाली.