फायनल सगळ्यांची, नाटक एखाद्याचं: कॅशमध्ये काय ठेवायचं?

१९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल आठवते ना? त्या दिवशी डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक मॅच पाहत होते. एवढ्यांना एकाच ठिकाणाहून व्हिडिओ पाठवणं शक्यच नाही. मग काय करतात?

आपल्या गोकुळपेठेतला भाजीवाला पहा. तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कळमन्याला धावत नाही, सकाळीच माल आणून ठेवतो. कॅश म्हणजे तेच. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ते प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवर ठेवायचे. समजा मूळ सर्व्हर मुंबईत आहे आणि नागपुरात १००० जण ५ एमबीपीएसने मॅच पाहतायत. कॅश नसेल तर मुंबईहून ५ जीबीपीएस ओढावे लागतील. असेल तर फक्त ५ एमबीपीएस, कारण प्रत्येक तुकडा एकदाच येतो.

लाइव्ह मॅच तशी सोपी, सगळे एकच तुकडा मागतात. पंचाईत होते रेकॉर्डेड व्हिडिओची. डिस्क भरली की काय काढायचं?

जुना नियम एलआरयू: जे सगळ्यात जास्त वेळ कुणी मागितलं नाही, ते काढा. पण एकट्याने तीन तासांचा सिनेमा पाहिला, तर ४ सेकंदांचे २७०० तुकडे आत येतात आणि लोकांना लागणारा माल बाहेर ढकलतात. अकामाईच्या २०१५ च्या पेपरनुसार त्यांच्या एका सर्व्हर-समूहावर सुमारे तीन चतुर्थांश गोष्टी एकदाच मागितल्या गेल्या होत्या! म्हणून त्यांनी नियम केला: दुसऱ्यांदा मागणी आली तरच साठवा.

नियम छान आहे, पण त्यात तोटा कुणाचा? समजा वडशाला कुणी झाडीपट्टीचं नाटक मोबाइलवर लावलं. ते क्वचितच कुणी मागतं, म्हणून बहुतेक वेळा लांबूनच येणार. संध्याकाळी लाइनवर गर्दी असली की नेमकं तेच अडकणार. आपण मात्र ‘हिट रेशो ९५ टक्के’ म्हणून खूश! उरलेले ५ टक्के कोण, हे त्या आकड्यात दिसतच नाही.

यावर १९९९ मधली एक कल्पना मला आवडते, प्रीफिक्स कॅशिंग. अख्खा व्हिडिओ नको, फक्त सुरुवातीचे तुकडे ठेवा. प्रेक्षक ते पाहतोय तोवर पुढचं मागवता येतं. तेवढ्याच डिस्कमध्ये कितीतरी जास्त व्हिडिओंना निदान चटकन सुरू होता येतं. आता सुरुवातीचे किती तुकडे ठेवायचे? सध्या माझं डोकं यातच अडकलंय.

‘दुसऱ्यांदा मागणी’ कमी जागेत लक्षात कशी ठेवतात, ते पुढच्या पोस्टमध्ये. तोवर शंका असतील तर विचारा.