एक सूचनाफलक, अनेक कार्यप्रणाली

विसाव्या शतकाच्या आरंभी सियालदह स्थानकातून दार्जिलिंगला निघालेला प्रवासी रुंदमापी गाडीने पद्मेच्या काठापर्यंत जाई, आगबोटीने नदी ओलांडी, पलीकडे मीटरमापी गाडीत बसून सिलिगुडी गाठी आणि तेथून दोन फुटी रुळांवरच्या चिमुकल्या गाडीने डोंगर चढे. 1915 साली हार्डिंज पूल झाला. नदीचा प्रश्न सुटला, रुळांचा मात्र राहिला. रुंद मार्ग सिलिगुडीपर्यंत पोचायला 1926 साल उजाडावे लागले. तोवर प्रवासी तोच, सामानही तेच, पण गाडी बदलणे काही चुकत नसे.

हौशी मंडळींनी चालविलेल्या संगणकीय सूचनाफलकांपुढे हीच अडचण उभी राहिली. सूचनाफलक म्हणजे मोडेमच्या साहाय्याने टेलिफोनला जोडलेला घरातील एक संगणक. दुसऱ्याने आपल्या संगणकावरून तेथे फोन लावावा, इतरांचे निरोप वाचावेत, आपला लिहून ठेवावा. शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी असा पहिला फलक 16 फेब्रुवारी 1978 रोजी सुरू केला. त्याची आज्ञावली इंटेल 8080 या प्रक्रियकाच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. म्हणजे निराळ्या जातीचा प्रक्रियक आला की ती जवळजवळ नव्यानेच लिहावी लागणार.

तो फलक ज्या सीपी/एम या कार्यप्रणालीवर चालत असे, तिच्यात या अडचणीवरील उपायाचे बीज होते. तिचे कर्ते गॅरी किल्डॉल यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग ‘बायोस’ या नावाने वेगळा काढला होता. नवे यंत्र आले की तेवढाच भाग बदलायचा. 1984 साली टॉम जेनिंग्ज यांनी ‘फायडो’ हा सूचनाफलक सी भाषेत लिहिला, तेव्हा त्यांनाही याच वाटेने जावे लागले. कारण एमएस-डॉस चालविणारी सारी यंत्रे आतून सारखी नव्हती. आयबीएमच्या यंत्रात मोडेमशी बोलणारी चकती एक, तर डेकच्या ‘रेनबो’त दुसरीच! पुढे या मधल्या थराला ठरीव रूप मिळाले. फायडो, ओपस आणि सीडॉग या आज्ञावल्यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘फॉसिल’, म्हणजे जीवाश्म. नाव विनोदाने ठेवले असले, तरी काम गंभीर होते. सूचनाफलकाने ‘एक अक्षर पाठव’, ‘फोन ठेव’ एवढेच सांगावे. ते घडवून आणणे फॉसिल चालकाकडे.

परंतु मोडेमची भाषा एक केल्याने सारे भागत नाही. खरा त्रास बारीकसारीक गोष्टींचा असतो. डॉसमध्ये ओळीच्या शेवटी दोन चिन्हे येतात, युनिक्समध्ये एकच. डॉसला मोठ्या आणि लहान लिपीतील नावे सारखीच वाटतात, युनिक्स त्यांना दोन स्वतंत्र फायली समजतो. एका संगणकावर सोळा बिटांची असलेली संख्या दुसरीकडे बत्तीस बिटांची होते. मग निरोपांची जुनी फाईल उघडावी, तर तारखेच्या जागी भलताच मजकूर दिसतो. म्हणून जाणता लेखक फाईलची रचना बाइटागणिक ठरवून देतो, यंत्राच्या सवयीवर सोडत नाही.

हा खटाटोप हौशी माणसाने कशासाठी करावा? वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार फलकावर साठलेला असतो, आणि कार्यप्रणाली कोणा कंपनीच्या मर्जीवर जगते. ओएस/2 ही गुणी प्रणाली होती. एका यंत्रावर अनेक टेलिफोन सांभाळणे तिला डॉसपेक्षा पुष्कळच सोपे जाई. तरी 2006 अखेर आयबीएमने तिचे पालकत्व सोडले. केवळ तिलाच बांधलेले फलक तिच्याबरोबरच अडकले. उलट डॉसवर जन्मलेला ‘सिंक्रोनेट’ विंडोज व लिनक्सवर गेला आणि टिकला.

15 ऑगस्ट 1995 रोजी कोलकात्यासह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. जगभर टेलिफोनवरचे फलक ओस पडू लागले. ज्यांनी मोडेमचा थर नीट वेगळा ठेवला होता, त्यांना त्याजागी इंटरनेटची जोडणी बसविणे फारसे जड गेले नाही. उरली ती ‘दारे’, म्हणजे फलकाला बाहेरून जोडलेले खेळ. त्यांपैकी कित्येकांची मूळ आज्ञावली कधीच खुली झाली नाही. ते केवळ डॉसलाच ओळखतात. त्यांच्यासाठी लिनक्सच्या पोटात एक आभासी डॉस उभे करतात, आणि खेळ सुरू करण्यापूर्वी त्या डॉसमध्ये बहुधा फॉसिल चालक चढवावा लागतो.