हरकती व सूचना : एका पडद्याच्या आराखड्याचा मागोवा

नगराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यापाठोपाठ 'हरकती व सूचना' मागविणारी जाहीर नोटीस निघते, आणि ज्याच्या अंगणातून नवा रस्ता जावयाचा असतो तो नागरिक आपली कैफियत अर्जावर उतरवून दफ्तरात रुजू करतो, हा प्रघात आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. संगणक सुरू करताच जी मांडणी समोर येते, जिला आपण डेस्कटॉप म्हणतो, तिचाही आराखडा आधी चित्ररूपाने सिद्ध होतो. त्या व्यवसायातील माणसे त्याला मॉकअप म्हणतात आणि लोकांपुढे ठेवून अभिप्राय मागवतात. ज्या पडद्यावर कित्येकांची दिवसातले आठ-आठ तास वस्ती असते, त्याच्या रचनेविषयी रहिवाशांना विचारावे हे न्याय्यच होय. परंतु विचारावे कसे, आणि आलेल्या उत्तरांचे करावे काय, या प्रश्नांचा उलगडा पाहावयाचा असेल तर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवरील ग्नोम या डेस्कटॉपची 2001 ते 2021 ही वीस वर्षे मला विशेष मननीय वाटतात. कारण तेथे आराखडे, हरकती, नकार आणि माघार, सारे काही उघड्यावर घडले.

मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघा मेक्सिकन तरुणांनी ऑगस्ट 1997 मध्ये ग्नोमचा प्रारंभ केला, तेव्हा घडवणारे आणि वापरणारे बहुतांशी एकच होते. ज्याला जी सोय हवी ती तो आपल्या हाताने जोडत असे, आणि आवडीनिवडी नोंदवण्याच्या खिडक्यांची संख्या वाढत जाई. 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने बाहेरच्या मोजक्या माणसांना या डेस्कटॉपपुढे बसवले, नित्याची कामे नेमून दिली आणि ती कोठे अडखळतात याची नोंद केली. घडवणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले शब्द आणि चिन्हे नवख्या माणसाला अगम्य आहेत, हे त्या नोंदींतून स्पष्ट झाले. ही रीत अर्थात जुनीच होती. ॲपलच्या लिसा संगणकाच्या घडणीत संमतीच्या बटणावर 'डू इट' अशी अक्षरे होती. इंग्रजीतील मोठा आय आणि लहान एल पडद्यावर सारखेच दिसत असल्याने चाचणीस बसलेल्या माणसाने ती 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, अशी वाचली आणि त्याला तो आपला उपमर्द वाटला. तेथे पुढे 'ओके' आले. ज्यांनी ते बटण काढले होते त्यांना हा दोष दिसला नव्हता, कारण ते शब्द त्यांना आधीच पाठ होते.

जून 2002 मध्ये निघालेल्या ग्नोम 2.0 ने अनेक खिडक्या बंद केल्या, मांडणीचे लिखित नियम स्वीकारले, आणि जुन्या जाणत्या मंडळींचा रोष ओढवून घेतला. ज्यांची सोय गेली ते बोलले. ज्यांची अडचण गेली ते मुकाट्याने कामाला लागले. अभिप्राय गोळा करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन वाक्ये मनाशी बाळगावीत असे मला वाटते, कारण आलेल्या अर्जांची चळत कितीही उंच असली तरी तिच्यात त्या मुकाट्याने काम करणाऱ्यांचा एकही कागद नसतो.

याचा अर्थ तक्रार करणारा नेहमी चुकतो असा मात्र नव्हे. 2004 च्या 2.6 या आवृत्तीत प्रत्येक फोल्डर आपापल्या स्वतंत्र खिडकीत उघडू लागला. वस्तूला जसे तिचे ठरलेले ठिकाण असते तसे ते फोल्डरलाही असावे, असा त्यामागचा विचार होता आणि तो सुसंगत होता. परंतु फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवणाऱ्याचा पडदा क्षणार्धात खिडक्यांनी भरून जाई. या हरकतीला दाद मिळण्यास सहा वर्षे लागली. 2010 च्या 2.30 मध्ये ही तजवीज मागे घेण्यात आली.

या कालखंडातील सर्वांत मोठे वादळ पुढे यावयाचे होते. ऑक्टोबर 2008 मध्ये बोस्टन येथे रचनाकार आणि प्रोग्रामर एकत्र जमले, नव्या मांडणीची रेखाटने झाली, आणि 6 एप्रिल 2011 रोजी ग्नोम 3.0 प्रसिद्ध झाले. उघड्या खिडक्यांची तळाशी असलेली परिचित यादी गेली. खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही गेली. रेखाटने मधल्या अडीच वर्षांत कोणालाही पाहता येत होती, तरी खरा आक्रोश उठला तो अंमल सुरू झाल्यावर. कारण चित्र पाहताना डोळा मत देतो, हाताची सवय मात्र प्रत्यक्ष काम पडल्याखेरीज बोलत नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी जाहीर टीका करून काही काळ एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा आश्रय घेतला. जुनी मांडणी प्रिय असलेल्यांनी मेट या नावाने वेगळी चूल मांडली. लिनक्सचे मिंट हे वितरण काढणाऱ्यांनी सिनॅमन हा वेगळा डेस्कटॉप उभा केला. मार्च 2013 च्या 3.8 मध्ये जुन्या वळणाची पर्यायी मांडणी द्यावी लागली.

याच सुमारास, 2010 मध्ये, उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या वितरणाने खिडकीची बटणे उजवीकडून डावीकडे नेली, तेव्हा संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी रचनेचे निर्णय मतमोजणीने होत नाहीत असे स्पष्ट बजावले. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण मत नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्यावर कारण सांगण्याचे ऋण चढते, आणि केवळ अधिकाराचा उच्चार केल्याने ते फिटत नाही. मध्यंतरी स्वतःच्या वेगळ्या मांडणीकडे वळलेले उबुंटू 2017 च्या 17.10 या आवृत्तीत ग्नोमकडे परतले आणि ती बटणेही पुन्हा उजवीकडे आली.

हे ऋण फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न मला 2020 मध्ये दिसतो. मार्च 2021 मध्ये आलेल्या ग्नोम 40 पूर्वी रचनाकारांनी वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, प्रश्नावली पाठवली, नमुना काही दिवस प्रत्यक्ष वापरावयास देऊन अनुभव मागवले, आणि त्यांतून काय निष्पन्न झाले ते जाहीर केले. कामाचे पट, म्हणजे खिडक्यांचे वेगवेगळे गट ठेवण्याचे आभासी पडदे, उभ्या रांगेऐवजी आडव्या रांगेत आले. हरकती तेव्हाही थांबल्या नाहीत. पण आता हरकतदारापुढे ठेवण्यास कारणे होती.

मराठी माणसाचे या मागोव्यात एक स्वतःचे गाऱ्हाणे आहे. हे आराखडे इंग्रजी अक्षरांनी भरलेले असतात. वेलांटीला वर आणि उकाराला खाली किती जागा लागते, आखूड इंग्रजी शब्दासाठी सोडलेल्या जागेत 'उघडा' बसतो पण 'प्राधान्यक्रम' बसत नाही, हे त्या चित्रात दिसत नाही. मजकूर गोठवल्यानंतर तो भाषांतरकाराच्या हाती स्थिरपणे येतो, म्हणजे आपली हरकत रुजू होते ती मुदत संपल्यावर.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढचा आराखडा निघेल तेव्हा त्यातील एक प्रत पहिल्याच दिवशी देवनागरी अक्षरांनी भरावी, ती एखाद्या तालुक्याच्या कचेरीत दिवसभर पडद्यापुढे बसणाऱ्या, कधीही अर्ज न करणाऱ्या कारकुनापुढे ठेवावी, त्याचे मत न विचारता त्याला त्याचे नेहमीचे काम करू द्यावे, आणि शेजारी बसून त्याचा हात कोठे थांबतो ते लिहून घ्यावे. त्याची हरकत त्या थांबण्यातच नोंदवलेली असेल, आणि तिला उत्तर देणे हे आराखडा काढणाऱ्याचे कर्तव्य राहील.