येळवशीची रात्र रानात

लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांत मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळा अमावास्या म्हणतात. बोलताना आपण तिला येळवस म्हणतो. शेजारच्या बिदर आणि कलबुर्गी भागातही हा सण आहे. डिसेंबरात नाहीतर जानेवारीत तो येतो. त्या दिवशी गाव ओस पडते. घरोघर दाराला कडी, आणि माणसे सगळी रानात.

या मुलखात रीत साऱ्यांना ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. शेतात कडब्याची कोप उभी करतात. कोपीत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. हे पाच पांडव. त्यांची पूजा झाली की पंगत बसते. भज्जी, अंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जीत हरभरा, वाटाणा, तूर, शेंगदाणे आणि मिळेल ती पालेभाजी पडते. अंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आणि ताक. ती आदल्या दिवशीच मडक्यात लावून ठेवावी लागते. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून पंगतीत बसवतात. ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी उपाशी राहत नाही. संध्याकाळी काही गावांत पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात. मग मंडळी घराकडे वळतात.

आमचे सांगणे असे, की त्या संध्याकाळी वळू नका. एक रात्र लेकरांना घेऊन तिथेच राहा.

आता कोणी म्हणेल, रानात झोपण्यात कसली आली मौज? आम्ही तर राखणीला कैक रात्री काढल्या. खरे आहे. पण राखणीला बाप एकटा जातो. लेकरू घरी असते. सकाळी ते शाळेत जाते, संध्याकाळी मोबाइल घेऊन बसते. बाप दमून येतो, जेवतो, झोपतो. एका छपराखाली राहून दोघांचे बोलणे होते ते एवढेच: ‘अभ्यास केला का?’ ‘केला.’ पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षांच्या पोराला आपल्या शेताचा बांध कुठून कुठपर्यंत आहे हे सांगता येत नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याला तिथे नेले कोणी?

आणि हेही लक्षात ठेवू या, की उघड्यावर राहणे ही सगळ्यांनाच मौज नसते. बीडकडची ऊसतोड करणारी माणसे लेकराबाळांसकट महिनोन्‌महिने कोपीत राहतात. त्यांना कोपीचे कौतुक सांगायला आम्ही धजणार नाही. आपल्या मनाने, आपल्या शेतात, एका रात्रीपुरते राहायचे, म्हणून त्यात गोडी.

खर्च म्हणाल तर काही नाही. कोप बांधलेलीच असते. भज्जी उरलेली असते. ती पुन्हा चांगली उकळून घ्यावी. पिण्याचे पाणी घरूनच घागरीत भरून आणावे. पांघरुणे मात्र घरातली असतील नसतील तेवढी घ्यावीत, कारण पहाटे दव पडते आणि गारठा हाडांत शिरतो. लहान्याच्या डोक्याला टोपरे हवेच.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांना सांगायची आहे. येळवशीसाठी घरची बाई आदल्या रात्रीपासून चुलीपुढे असते. तिच्या रात्रीचे जागरण आणि दिवसाची धावपळ झाल्यावर पुन्हा ‘चहा ठेव, अंथरूण घाल’ असे चालायचे असेल तर मुक्काम न केलेला बरा. तीन दगडांची चूल पुरुषाने पेटवावी. पोरांनी काटक्या आणाव्यात. बाईने बसून खावे. लेकरांना याचीच मोठी गंमत वाटते. बापाच्या हातचा धुरकट चहा ती वर्षभर विसरत नाहीत. ज्यांच्या हरभऱ्याला घाटे भरले असतील त्यांनी चार डहाळे विस्तवावर भाजावेत. कोणी त्याला हुळा म्हणते, कोणी हावळा. हात काळे, तोंड काळे, पण खाणे थांबत नाही. नुकतीच औषधाची फवारणी झालेले डहाळे मात्र तोंडाला लावू नयेत. भाजल्याने ते विष जाईल असे धरून चालू नये.

झोपायचे कुठे? भुईवर नको. हे आम्ही बजावून सांगतो. बाज असेल तर बाज न्यावी. नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा बैलगाडी चांगली. खाली कडबा पसरायचा असेल तर तो आधी झाडून घ्यावा, कारण त्यात विंचू दडतो. वर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. तिने डास तर अडतातच, साप आणि विंचूही अडतात.

सापांची गोष्ट निघालीच आहे तर नीट सांगतो. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. थंडीत साप कमी हिंडतात, पण अजिबात हिंडत नाहीत असे नाही. यांतली मण्यार रात्री फिरते आणि भुईवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. म्हणून माणूस झोपून राहतो. पुढे पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, श्वास अडतो. दंश झाल्याचा नुसता संशय आला तरी दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, तोंडाने रक्त ओढू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात न्यावे. विषावरचे औषध तिथे टोचतात. १०८ हा आकडा फिरवला की सरकारी गाडी येते, तिचे पैसे पडत नाहीत. एक मोबाइल भरलेला ठेवायचा तो यासाठी. बाकीचे बंद करून पिशवीत टाकावेत.

रात्री उठताना बॅटरी आणि पायात जोडा हवाच. विहीर उघडी असेल तर लेकरांना तिकडे एकटे फिरकू देऊ नये. जिथे बिबट्या दिसल्याची बातमी आहे, तिथे हा बेतच करू नये.

एवढी काळजी घेतली की मग निश्चिंत होऊन आडवे व्हावे आणि वर पाहावे. अमावास्येची रात्र असते. चंद्र नाही, गावातले दिवे दूर. आभाळ असे भरलेले असते की पोरे आधी गप्पच होतात.

जेवणे उरकल्यावर पूर्वेकडे पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. हा बाण. त्याच्याभोवती चार कोपऱ्यांना चार तारे, ते मृगाचे चार पाय. बाणाच्या रेघेने खाली नजर नेली की एक फार तेजस्वी तारा लागतो. तो व्याध, म्हणजे शिकारी. त्यानेच बाण मारला अशी गोष्ट आहे. वर, जवळजवळ डोक्यावर, ताऱ्यांचा लहानसा झुबका दिसतो. त्या कृत्तिका. पोरांना त्यातले तारे मोजायला लावा. ज्याचे डोळे तिखट त्याला सहा-सात दिसतात.

इथे एखादे हुशार पोर विचारील, ‘बाबा, मृग तर जूनमध्ये निघतो ना? आपण त्यावरच पेरणी करतो.’ प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर पुष्कळ शेतकऱ्यांनाही ठाऊक नसते. ७-८ जूनला मृग निघाला असे आपण म्हणतो, तेव्हा सूर्य मृगाच्या दिशेला आलेला असतो. म्हणजे हे तारे दिवसा सूर्याबरोबर आभाळात असतात आणि त्याच्या उजेडात लपतात. त्या दिवसांत मृग कोणालाच दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला जातो, तेव्हा तोच मृग रात्रभर दिसतो. ज्याच्या नावाने पेरले त्याला पाहायचे ते या थंडीत.

सप्तर्षी मात्र तेव्हा दिसायचे नाहीत. ते मध्यरात्रीच्या सुमारास ईशान्येकडून वर येतात. जुन्या बाया त्यांना म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले तीन चोर. पहाटे जाग आली की उत्तरेला ही बाज उंच चढलेली असते. पोरांना उठवून दाखवावी. कुरकुरतील, पण उठतील.

आजी-आजोबांना बरोबर नेले तर रात्र आणखी भरते. अंधारात माणूस मोकळे बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्यानंतर या भागातल्या कितीतरी घरांनी भीतीने उघड्यावर रात्री काढल्या. आज जे आईबाप आहेत त्यांतले पुष्कळजण तेव्हा लेकरे होती. दिवसाउजेडी हे कोणी सांगत नाही. बाजेवर पडल्यापडल्या एखादी आजी सांगू लागते, आणि नातू तिचा हात धरून ऐकतो.

सकाळी घाई करू नये. ज्वारीच्या पानांवर दव असते, चिमण्या-साळुंक्यांचा कालवा चाललेला असतो. पोरांना घेऊन बांधाने एक फेरी मारावी. हा बांध आपला, ते बोराचे झाड पणजोबाने लावलेले, इथे पाणी साचते म्हणून इथे पीक पिवळे पडते. चालता चालता सांगितलेले ध्यानात राहते.

निघण्याआधी चुलीवर पाणी ओतावे. काठीने राख उकरून पुन्हा पाणी ओतावे. हाताला राख थंड लागली की मगच गाडी जुंपावी. शेजारीच वाळला कडबा आणि उभे पीक असते. कागद, पिशव्या गोळा कराव्यात. आणि गाडीत बसताना पोरे मोजून घ्यावीत, कारण एखादे हमखास बोरीखाली राहिलेले असते.